डावीकडच्याने मान्य केलं तर

— नको नको, उठवू नका त्यांना, बसा ना सर. दोघंही आत झोपलीत, आजोबा आणि नात, आत्ता कुठे पंधरा मिनिटं झालीत डोळा लागून, आणि आप्पा एकदा उठले की तुम्हाला सोडायचे नाहीत, मोहिते सर आले म्हणजे पत्ते आलेच — मग आपलं बोलणं राहिलंच. म्हणून आत्ताच. पंखा वाढवू का? करावे गावात खाडीचा वारा येतो म्हणतात, आमच्या तिसऱ्या मजल्यावर तो समोरच्या बिल्डिंगला विचारून येतो. हा फॉर्म इथे ठेवते, टीपॉयवर. भरते हो, नाही कुठे म्हणतेय — ब्रिजची वार्षिक पेअर्स, खेळाडू एक गोटीराम तांडेल, खेळाडू दोन रंजिता तांडेल. सासरा-सुनेची जोडी असं मागच्या वर्षी तुम्हीच क्लबहाऊसमध्ये माईकवर म्हणाला होतात आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, म्हणजे जोडीला, खेळाला नव्हे, खेळात आम्ही खालून चौथे होतो. — एक मिनिट हं. नाही, काही वाजलं नाही. मीच. बघून येते जरा.

— हं. चालू आहे. श्वास, सर. हसू नका, नाकाखाली बोट धरून बघते मी तिच्या, दर दहा मिनिटांनी. पहिल्या बाळाच्या आयांना होतं असं, पुस्तकात लिहिलंय, सहा महिन्यांत जातं. माझं गेलं होतं. सहाव्या महिन्यात अगदी पुस्तकाप्रमाणे गेलं, मला स्वतःचाच अभिमान वाटला होता. आता दहावा चालू आहे आणि ते परत आलंय. आठ दिवस झाले. राजनंदिनी — नाव आप्पांनी ठेवलं, बाळ साडेसात किलोचं आणि नाव बारा किलोचं — ती झोपली की मला घर इतकं शांत वाटतं की त्या शांततेतच मला आवाज येतात. रडण्याचे नाहीत. ते सांगतेच पुढे.

तर मला तुम्हाला एक विचारायचं होतं. फॉर्मच्या आधी. काका म्हणून नाही, क्लबचे डिरेक्टर म्हणून, टेबलावरच्या चुकांचा निवाडा करणारे. पाळी नसताना कुणी बोली लावली, कॉल केला, तर काय होतं? — माहितीये, माहितीये, तुम्हाला कायदे पाठ आहेत, मलाही आहेत, मी ती पुस्तिका प्रिंट काढून बाइंड करून घेतलीये, हिला मांडीवर घेऊन पाजताना वाचायचे, दिपेश म्हणायचा लोक गर्भसंस्कार करतात, हिने पोरगी झाल्यावर दंडसंस्कार सुरू केलेत. पाठ आहेत म्हणूनच विचारतेय. पाठ असलेल्या माणसाचीच जास्त गडबड होते, असं मला वाटायला लागलंय.

मी शिकले ते पाचव्या महिन्यात, पलंगावर. डॉक्टरांनी उठायचं नाही म्हणून सांगितलेलं, दिपेशची उरणला पोर्टवर शिफ्ट, सासूबाई जाऊन दोन वर्षं झालेली, घरात मी आणि आप्पा. आता सून पलंगावर आडवी आणि सासरा घरात — कुठलाही सासरा असता तर टीव्हीचा आवाज वाढवून बाहेर बसला असता. आप्पा स्टूल घेऊन आले. तुर्भ्याच्या कंपनीत तीस वर्षं बॉयलरवर, तिथल्या रिक्रिएशन क्लबात ब्रिज शिकलेले, हातात पत्ते, आणि काय म्हणाले — "गो, चार मानसं. घड्याळाच्या काट्यावानी फिराचा. ज्याची पाली त्यानी बोलाचा, बाकीच्यांनी गप ऱ्हवाचा." बस, एवढाच पहिला धडा. कोण बोली लावतं, किती हात करीन म्हणतं, समोर बसलेला पार्टनर त्यावरून काय ओळखतो, ते सगळं नंतर. आधी पाळी. मी म्हटलं, आणि चुकून आधीच बोललं तर? सर, इतके खूश झाले ते! म्हणाले, तीस वर्सांत मना हा कोनी इचारला नव्हता, सगले जिंकाचा कसा तेच इचारतात. आणि मग बोट दाखवून म्हणाले, तवा पयला डावीकरच्याच्या तोंडाकरं बघाचा.

डावीकडच्याच्या तोंडाकडे. मला तेव्हा ती केवढी सभ्य गोष्ट वाटली होती! म्हणजे बघा — चूक झाली, तर चुकणाऱ्याच्या लगेच डावीकडे बसलेला माणूस, विरोधी पक्षातला, त्याच्या हातात आहे. त्याने काही न बोलता आपला कॉल केला, की झालं, मान्य, चूक जणू झालीच नाही, पाळी तिथूनच पुढे चालू. आणि नाही केला मान्य, तर मग ते रद्द, कॉल मागे, तुम्हाला हाक, तुम्ही चष्मा कपाळावर चढवून येणार, ज्याची पाळी त्याच्याकडे परत, आणि मग अटी — हे बोलायचं नाही, पार्टनरने आता पास द्यायचा, वगैरे. आणि एखादे वेळी उजवीकडच्याने पास दिला तर जे चुकून बोललात तेच पुन्हा बोलायचं, तेच, शब्द न बदलता. हे मला कायम भीतीदायक वाटलंय. चुकून तोंडातून गेलं तेच पुन्हा, आता सगळ्यांच्या देखत, मुद्दाम.

फेब्रुवारीत आप्पांनी पहिल्यांदा केलं. रविवारी, तुमच्या खिडकीजवळच्या टेबलावर. माझी पाळी होती, मी पत्ते लावतेय, आणि समोरून तो आवाज आला — बोलीच्या बॉक्समधून कार्ड ओढल्याचा — सप्प. एक इस्पिक. मी मान वर केली. आप्पांच्या डावीकडे जयमालाताई होत्या, तुमच्या क्लबच्या सगळ्यात कडक बाई, माझ्या बांगड्या वाजल्या तरी बघतात त्या, आणि त्यांनी पापणी न हलवता आपलं कार्ड ठेवलं. दोन किलवर. खेळ पुढे. मला वाटलं, घाई झाली असेल. पुढच्या रविवारी दुसऱ्या टेबलावर, डावीकडे दुसरं कुणीतरी — सप्प — आणि त्यांनीही लगेच आपला कॉल केला. मग परत. मग एका दुपारी दोनदा. माझ्या वहीत आहेत तारखा. हो, वही केलीये मी, शोधून काढाल तर माझ्याकडे हिच्या शूशीचीही वही आहे. अकरा रविवार, सर. अकरा रविवार आप्पा पाळी सोडून बोलत होते आणि एकदाही कुणी तुम्हाला हाक मारली नाही. मी दर वेळी त्या डावीकडच्याच्या तोंडाकडे बघायचे आणि मला इतका — इतका जीव भरून यायचा! वाटायचं, माणसं किती चांगली आहेत. घरी येताना रिक्षात आप्पा म्हणायचे, आज पत्ता लागत नव्हता गो, आणि मी म्हणायचे, हो ना आप्पा, पत्ताच वाईट.

मी काहीच बोलले नाही. आणि त्याला कायदा आहे माझ्याकडे — नाही, खरंच आहे, तुम्ही मान हलवू नका. जो कॉल मागे घेतला गेला, त्यातून जे कळलं ते विरोधकांना वापरता येतं. पार्टनरला नाही. सगळ्या टेबलावर एकटा पार्टनर असा, की ज्याने ऐकलेलं ऐकलंच नाही असं धरून चालायचं. त्याच्या हातातल्या पत्त्यांवरून जे दिसतं तेवढंच बघायचं. हे वाचलं तेव्हा मला ते इतकं न्याय्य वाटलं की मी पेन्सिलने खाली रेघ मारली. आता तुम्ही म्हणाल ते मागे घेतलेल्या कॉलसाठी आहे, इथे तर मान्य केलेले कॉल — बरोबर आहे तुमचं. मला तेही माहीत होतं. रेघ मारायची घाई झाली, असं म्हणू.

कारण घरीही चाललं होतं, सर. गच्चीवरचा पाण्याचा व्हॉल्व आप्पाच सोडतात, भाडेकरूंच्या लाइनीचा, रोज संध्याकाळी सातला, वर्षानुवर्षं. मार्चमध्ये एकदा चारला सोडला. मग एकदा दुपारी दोनला. खाली मुक्ताबाई राहतात, साताऱ्याच्या, त्या निमूट बादल्या भरून ठेवायच्या, आणि मी जिन्यात भेटले तर, "येतंय की पाणी वहिनी, कवा का येईना!" त्याही डावीकडच्याच निघाल्या. हिला आंघोळ घातलेली असताना आप्पा परत गरम पाणी काढायचे. मी म्हणायचे, बरं झालं, उकडतंयच, घालू परत. मग मी तर काय, सगळ्यात सराईत डावीकडची. ते जे करतील त्याच्यापुढे आपला कॉल ठेवायचा, पटकन, कुणाच्या लक्षात यायच्या आत. आठवड्यातून तीन दिवस मी ऐरोलीला ऑफिसला, नऊ ते सात, आणि ही आप्पांकडे. आप्पांच्या एका इस्पिकाला जयमालाताईंनी — सॉरी, मी हसत नाहीये.

पाणी आणू? चहा थंड होतोय तुमचा. — आले हं.

— कूस बदललीये फक्त. आप्पांचा हात आहे तिच्या पोटावर. मी काढणार होते, पण काढला तर ते जागे होतील. ठेवलाय तसाच.

हो, ते हॉस्पिटल. तुमच्यापर्यंत आलंच असेल, सीवूड्सला सगळं चालत पोहोचतं. गेल्या बुधवारी. हिला नऊ महिन्यांची गोवराची लस उशिराच दिली होती सोमवारी, ताप आला, डॉक्टरांनी तापाचे थेंब दिले, सहा-सहा तासांनी, त्याच्या आत अजिबात नाही. मी फ्रिजवर तक्ता लावला. बुधवारचा असा — सकाळी सहा रंजिता, दुपारी बारा आप्पा, संध्याकाळी सहा रंजिता, रात्री मी किंवा दिपेश, आणि दिलं की समोर बरोबरची खूण. आखून, पट्टीने. मला वाटलं तक्ता असला की कुणाची पाळी ह्यात चूक होणार नाही. माझ्यासारख्या बाईला तक्ता लावला की देव पावल्यासारखं वाटतं. तर मी चुकून दोनदा दिलं. संध्याकाळचं. ही उलटी करायला लागली, आणि मग झोपेतून उठेचना नीट, मान टाकायला लागली, रिक्षा केली आणि नेरुळला घेऊन गेलो. ठेवून घेतलं, रक्त तपासलं, दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं. काही झालं नाही. यकृत ठीक, सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, पहिल्यांदा आई होताना होतं असं, ताण असतो, झोप नसते.  आता औषधाच्या बाटलीवर दिपेश मार्करने रेघ मारून ड्यूटीला जातो. पातळीची. आल्यावर बघतो. मला बघताना दिसू नये म्हणून पाणी प्यायच्या निमित्ताने किचनमध्ये जातो, बिचारा.

एवढंच. मी सहाला दिलं, तक्त्यावर खूण केली, आणि साडेपाचचं जे होतं ते — साडेपाचला मी मीटिंगमध्ये होते.

— हो. बरोबर ऐकलंत. तुम्ही गणित शिकवायचात ना.

साडेपाचला मी आतल्या खोलीत, कानाला हेडफोन, घरून काम होतं त्या दिवशी, दार अर्धं उघडं. साडेपाचचं मी दिलं नाही. आप्पांनी दिलं. माझी पाळी होती सहाची, ते साडेपाचला — तोच, सप्प. तोच तो. मी डॉक्टरांना म्हटलं मी दिलं, दोन्ही वेळा मी, दिपेशसमोर म्हटलं, आप्पा भिंतीला टेकून उभे होते, त्यांच्यासमोर म्हटलं. आणि सर, दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी हिला घेऊन बसले होते, रडत होते. म्हणाले, "रडू नको गो. होते. माझ्याकून पन झाला असता." माझ्याकडूनही झालं असतं! त्यांना खरंच आठवत नव्हतं हो. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं, नीट बघितलं, तिथे काही नव्हतं, फक्त माझ्याबद्दल माया होती. तेव्हापासून मला तो आवाज ऐकू येतो. भांडी घासताना, चादर झटकताना. बॉक्समधून कार्ड ओढल्याचा. मी पळत जाते आणि आप्पा नुसते बसलेले असतात हिला मांडीवर घेऊन, काहीच केलेलं नसतं त्यांनी.

तर माझा प्रश्न हा आहे. — नाही, थांबा, मध्ये बोलू नका, बोललात तर मी सांगणार नाही. मी बघितलं होतं. साडेपाचला. दार अर्धं उघडं होतं म्हटलं ना. त्या फटीतून आप्पा दिसले, हातात ड्रॉपर, हिची हनुवटी धरलेली. माझ्या कानात कोणीतरी बेंगळुरूवरून तिमाहीचं बोलत होतं. मी बघितलं आणि — कसं सांगू — मी ते बाजूला ठेवलं. जसं टेबलावर ठेवते तसं. मनात म्हटलं, धुवत असतील ड्रॉपर. हनुवटी धरून कोण ड्रॉपर धुतं? सहा वाजता उठले, फ्रिजशी गेले, तक्ता बघितला. तिथे खूण नव्हती. रिकामं होतं. आणि मला ते दिसलेलं आठवत होतं, सर, अगदी अर्ध्या तासापूर्वीचं, आणि तरी मी म्हटलं की तक्त्यावर नाही म्हणजे झालेलं नाही. जे नोंदीत आहे तेवढंच धरायचं. मी थेंब मोजले. बरोबर मोजले, एकही जास्त नाही. आणि स्वतःच्या हाताने दिले.

साडेसहाला मी बाहेर आले तर आप्पा परत ड्रॉपर भरत होते. तेव्हा हातातून ओढून घेतला. आणि बाटली बघितली. सोमवारी आणलेली बाटली, सर, बुधवारी तळाला. म्हणजे साडेपाचचंच नाही. चारला दिलं? तीनला? मंगळवारी मी ऑफिसला होते, मंगळवारी किती? कोण सांगणार? आप्पा?

आणि डॉक्टरांनी विचारलं, किती वेळा. मी म्हटलं दोनदा. बाटली दाखवा म्हणाले. मी म्हटलं सांडली.

सांडली. मुलगी समोर मान टाकून पडलेली आणि मी तिच्या डॉक्टरला म्हणतेय बाटली सांडली. दोनदाचा हिशोब सांगितला मी त्यांना, आणि ते त्या दोनदावर हिचं ठरवणार होते, घरी पाठवू का म्हणाले होते, दोन डोसांनी एवढं होत नाही म्हणाले, आणि मी गप्प.  मग त्यांनाच काय वाटलं देव जाणे, म्हणाले तरी रक्त बघूया. तरी म्हणाले. त्या 'तरी'वर माझी मुलगी आत झोपलीये आत्ता. मी नाही वाचवलं तिला. मी आप्पांना वाचवत होते, चार माणसांसमोर. ब्रिजमध्ये ह्याला काय आहे सर? डिरेक्टर म्हणून सांगा. पार्टनरने इतकं नीट, इतकं प्रामाणिकपणे न बघितल्यासारखं केलं, तर त्याला काय शिक्षा आहे? मी पूर्ण पुस्तिका शोधली, त्यात नाहीये. त्यात फक्त चुकून बोलणाऱ्याचं आहे. न बोलणाऱ्याला काहीच नाही.

उद्यापासून मी परत ऑफिसला. आठ दिवसांची रजा संपली. उद्या गुरुवार, नऊ ते सात. दिपेशला सांगितलं तर तो आजच पाळणाघर बघेल, त्याला निर्णय घ्यायला पाच मिनिटं लागतात, आणि ही आप्पांकडून जाईल, व्हॉल्वची चावी जाईल, रविवार जाईल, आणि ते विचारतील, गो, मी काय केला? मग मी काय सांगू? बुधवारी सगळ्यांसमोर मी मान्य केलंय की मी केलं. आणि नाही सांगितलं तर उद्या सकाळी नऊला मी हिला त्यांच्या हातात द्यायची आणि दार ओढून घ्यायचं. आठ दिवस मी ह्या दोन वाक्यांमध्ये झोपतेय. म्हणून विचार केला, जयमालाताईंशी बोलावं. म्हणजे त्यांना जे आपणहून सुचलं, ते त्यांना का सुचलं, त्यांना काय दिसलं होतं —

— काय?

आपणहून नाही, म्हणजे?

— तुम्ही सांगितलं होतंत. जयमालाताईंना. आणि — सगळ्या टेबलांना? कधी? आधीच? पहिल्या रविवारच्या आधीच? म्हणजे मी वहीत पहिला म्हणून लिहिलाय तो पहिला नव्हताच. जानेवारीपासून, हिच्यामुळे मी रविवारी येत नव्हते आणि आप्पा तुमच्याबरोबर खेळायचे तेव्हापासून. — हो, कळलं. 'गोटीरामच्या डावीकडे बसाल तर मला हाक मारू नका, आपला कॉल ठेवा आणि पुढे चला.' बरोबर असंच म्हणाला असाल, तुमचा आवाज येतोय मला त्यात. आणि ती कडक बाई, माझ्या बांगड्यांकडे बघणारी, ती म्हणून पापणी हलवत नव्हती. आणि रिक्षात जीव भरून यायचा माझा. माणसं किती चांगली आहेत!

नाही, आवाज नाही चढवत मी. दोघं उठतील. — चांगलीच आहेत हो. मी कुठे म्हणतेय वाईट आहेत. पण सर, तुम्ही एकदा यायचं होतं. एकदा. चष्मा कपाळावर चढवून, त्या खिडकीजवळच्या टेबलाशी उभं राहून सगळ्यांच्या देखत विचारायचं होतं, कुणाचा कॉल? आप्पांना वाईट वाटलं असतं, हो, मान खाली घातली असती, रिक्षात बोलले नसते. पण मला ऐकावं लागलं असतं. पार्टनरला जे टेबलावर वापरता येत नाही, ते डिरेक्टरने उभं राहून सांगितलं की वापरता येतं. तेवढंच तर पाहिजे होतं मला. तुमच्या तोंडून एकदा. फेब्रुवारीत.

काय वाटलं तुम्हाला? मला माहीतच आहे? घरातली सून, शिकलेली, तिला माहीत असणारच, ती बघत असेल? — हो, तसंच वाटलं असेल. मला वाटायचं कुणालाच माहीत नाही, मी एकटी झाकतेय. अख्खा हॉल आणि मी मिळून एका माणसावर पांघरूण घालत होतो, आणि त्या पांघरुणाखाली माझी मुलगी होती, ते ना तुम्हाला दिसलं ना — नाही. मला दिसलं. मी तुमच्यावर ढकलतेय. मला दाराच्या फटीतून दिसलं होतं.

मग आज का आलात? फॉर्म द्यायला सुनेकडे कुणी घरी येत नाही, फॉर्म तुम्ही व्हॉट्सअॅपवर टाकता. — सांगू नका. कळलं. ह्या वर्षी नाव देऊ नका म्हणायला आला होतात. आणि चहा पुढे आला, आणि मी बोलत सुटले, आणि तुम्ही परत गप्प बसलात. घ्या. घेऊन जा तो. कोराच आहे. नाही, रागावले नाहीये, खरंच नाही, तुमच्यावर रागवायचं तर आधी मला माझ्यापाशी थांबावं लागेल, आणि आत्ता तेवढा वेळ नाहीये माझ्याकडे. सॉरी तर म्हणूच नका. तुम्ही म्हणालात की मी 'असू दे' म्हणणार, सवय आहे मला, तोंडातून निघून जाईल, आणि मग असूच देऊ आपण दोघं.

उठा सर. चहा राहू दे. तीन वाजता दिपेशचा ब्रेक असतो, दहा मिनिटांचा, त्यातली दोन गेली. आप्पा उठायच्या आत मला त्याच्याशी बोलायचंय. ते उठून "गो रंजिता, कोन आला होता?" म्हणाले ना, की मी म्हणेन कोणी नाही आप्पा, आणि चहा टाकेन. म्हणून जा. दार जोरात नका ओढू, कडी वाजते. हो. हो, सांगेन. जा तुम्ही.

— दिपेश? हो, बरी आहे. नाही, झोपलीये. नाही रे, ताप नाही. — तू आधी कुठेतरी बस.